दुसरा भाग आणि दिग्दर्शकाचा अधिकार

मागील अंकात या सदरात गाजलेल्या चित्रपटांच्या पुढील भागांविषयी एक टिपण दिले होते. सीक्वेलचा दर्जा का घसरतो किंवा का टिकतो हे समजून घ्यायचे असेल, तर नटांपेक्षा आधी दिग्दर्शकाकडे पाहावे, असे त्यात म्हटले होते. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : दिग्दर्शक तोच राहिला की दुसरा भाग चांगला होतो, असा आपला सरळ नियम आहे काय? 'झपाटलेला २' महेश कोठारे यांनीच केला आणि 'सरकार ३' राम गोपाल वर्मा यांनीच केला. तरीही पहिल्या भागाची सर त्यांना आली नाही. याचे स्पष्टीकरण आपण कसे देता?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : असा नियम मी मांडलेला नाही. दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर पुन्हा झळकणे ही एक गोष्ट झाली आणि दुसरा भाग नेमका कशाविषयी असावा हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती असणे ही दुसरी. माझ्या मते दर्जा ठरतो तो या दुसऱ्या गोष्टीवर.

एकाच दिग्दर्शकाच्या बाबतीत हा फरक किती ठळक दिसू शकतो, ते 'द गॉडफादर' मालिकेत पाहावे. १९७२ सालच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी स्टुडिओशी सतत झगडावे लागल्यामुळे फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना दुसरा भाग करण्याची इच्छाच नव्हती. त्यांनी मार्टिन स्कोर्सेसी यांचे नाव सुचवले, ते पॅरामाउंटने नाकारले आणि अखेर कोपोला तयार झाले ते कामात ढवळाढवळ होणार नाही या बोलीवर. त्या मोकळीकीतून १९७४ सालच्या चित्रपटाची रचना निघाली : एकीकडे तरुण बाप परक्या देशात पाय रोवतो आहे, तर दुसरीकडे मुलगा त्याच साम्राज्याचा धनी होऊन एकेक नाते गमावतो आहे, आणि ही दोन्ही आयुष्ये आलटून पालटून आपल्यासमोर येत राहतात. केवळ पहिल्या भागाचे यश पुन्हा वसूल करू पाहणाऱ्या कोणत्याही कंपनीने अशी रचना स्वतःहून मागितली नसती. या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळवणारा तो पहिला सीक्वेल ठरला. पुढे १९९० साली तिसरा भाग आला तेव्हा दिग्दर्शक तोच होता, पण परिस्थिती मात्र अगदी वेगळी होती. १९८२ सालच्या एका संगीतपटाच्या अपयशामुळे कोपोला कर्जात बुडाले होते, मानधनाच्या वादामुळे रॉबर्ट डुव्हाल यांच्यासारखा मुख्य नट बाहेर राहिला होता आणि नाताळच्या प्रदर्शनाची घाई होती. २०२० साली कोपोला यांनी त्या चित्रपटाचे पुन्हा संकलन करून तो नव्या नावाने प्रदर्शित केला. तीस वर्षांनंतरही त्यांना तो हाताळावासा वाटला, यावरून मूळ चित्रपट त्यांच्या मनासारखा झाला नव्हता असेच मी समजतो.

आता आपल्या दोन उदाहरणांकडे येतो. 'झपाटलेला' १९९३ सालचा. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यामुळे तो गाजला हे खरे असले, तरी बाहुल्याची भीती आपल्याला वाटत होती ती लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावरून. घाबरलेला, कोणाला सांगितले तरी खरे न वाटणारा असा एक साधा माणूस मधे उभा असल्यामुळेच ती कथा हसवतही होती आणि दचकवतही होती. बेर्डे यांचे २००४ साली निधन झाले. २०१३ साली दुसरा भाग त्रिमितीत आला तेव्हा तात्या विंचू परतला, परंतु त्याच्यासमोरचा माणूस परतू शकत नव्हता आणि त्या उणिवेच्या जागी नवे नाते उभे करण्याऐवजी तंत्राच्या करामतीवर भर राहिला. 'सरकार ३' विषयी थोडक्यात एवढेच सांगेन की २००५ सालच्या पहिल्या चित्रपटात सत्ता आणि घर यांच्यातील ताण हा खरा विषय होता; २०१७ सालच्या तिसऱ्या भागात सुभाष नागरे यांच्याविषयी नवे काही विचारलेलेच नाही.

याच्या उलट 'लगे रहो मुन्नाभाई' पाहावा. २००३ साली 'मुन्नाभाई एमबीबीएस' संपला तेव्हा मुन्नाच्या आयुष्याची गोष्ट पूर्ण झाली होती. २००६ साली राजकुमार हिरानी यांनी मुन्ना आणि सर्किट एवढे दोघेच पुढे आणले. पहिल्या भागातील नायिका, रुग्णालय, मुन्नाचे आई-वडील हे सर्व त्यांनी कोणतेही स्पष्टीकरण न देता बाजूला ठेवले आणि बोमन इराणी यांना अगदी वेगळी भूमिका दिली. कथेच्या हिशेबाने हे धाडस होते. पण त्यामुळेच गांधीजींच्या विचारांचा आजच्या माणसाला काय उपयोग, हा नवा प्रश्न विचारायला जागा झाली. पहिल्या भागातील काय सोडायचे हे ठरवणे हे दिग्दर्शकाचे काम आहे, आणि माझ्या मते सीक्वेलमध्ये ते सर्वांत अवघड असते.

प्रश्न : 'हेरा फेरी'च्या लेखनात ज्यांचा वाटा होता त्या नीरज व्होरा यांनीच 'फिर हेरा फेरी' लिहिला आणि दिग्दर्शित केला. माणूस आतलाच असून चित्रपट वेगळा का वाटतो? आणि 'दृश्यम २' मात्र दिग्दर्शक बदलूनही कसा जमला?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण दोन उदाहरणे शेजारी ठेवलीत हे फार चांगले केले, कारण लेखक काय देतो आणि दिग्दर्शक काय देतो यांतील सीमारेषा त्यांतून दिसते.

२००० सालचा 'हेरा फेरी' प्रियदर्शन यांनी 'रामजी राव स्पीकिंग' या १९८९ सालच्या मल्याळम चित्रपटावरून केला. त्यातील तिघांनाही पैशाची खरीखुरी नड आहे. भाडे थकले आहे, नोकरी मिळत नाही, गॅरेज चालत नाही. बाबूराव आपटे चिडतो तेव्हा त्या चिडण्यामागे कर्ज आणि एकटेपण आहे हे आपल्याला जाणवते, म्हणून आपण त्याला हसतो आणि लगेच त्याची कीवही करतो. प्रियदर्शन त्या तिघांच्या भांडणांना वेळ देतात, कॅमेरा खोलीत थांबू देतात आणि गोंधळ अगदी शेवटाकडे उसळू देतात. २००६ सालच्या चित्रपटात तिघे श्रीमंत झालेले आहेत, पैसे दुप्पट करण्याच्या एका योजनेत ते सर्व घालवतात आणि मग टोळ्या, पाठलाग, पळापळ यांची रीघ लागते. संवादांची धार कमी झालेली नाही, कारण लेखणी तीच आहे. बदलले आहे ते प्रमाण : प्रसंग किती वेळ धरायचा, नटाला कोठवर जाऊ द्यायचे, कोठे तोडायचे. पहिल्या भागात बाबूराव हा माणूस आहे आणि दुसऱ्या भागात त्याच्या लकबी आहेत. अनेकांना दुसराच भाग अधिक आवडतो हे मला ठाऊक आहे आणि त्या आनंदाला मी कमी लेखत नाही; पण त्या दोन चित्रपटांतील अंतर हे दिग्दर्शनाचे अंतर आहे, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

'दृश्यम'ची गोष्ट निराळी आहे आणि तिला एक दुःखद बाजूही आहे. २०१५ सालचा हिंदी 'दृश्यम' निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केला होता. 'डोंबिवली फास्ट'मधून चिरडल्या जाणाऱ्या सामान्य माणसाला समजून घेणारा हा दिग्दर्शक विजय साळगावकरसारख्या केबलवाल्याची कथा सांगायला किती योग्य होता, हे आता पुन्हा पाहताना अधिकच जाणवते. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२२ सालचा दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी केला. तो जमला याचे मुख्य कारण असे की दोन्ही भागांची मूळ कथा रचणारे जीतू जोसेफ यांनी मल्याळममध्ये २०१३ आणि २०२१ साली स्वतःच दोन्ही चित्रपट दिग्दर्शित केले होते. पहिल्या भागाचा प्रश्न होता, हे कुटुंब सुटेल काय? दुसऱ्या भागाचा प्रश्न आहे, सुटल्यानंतर इतकी वर्षे ते रहस्य उराशी बाळगून जगणाऱ्या बायको-मुलींचे काय झाले? दरवाजावर थाप पडली की दचकणाऱ्या त्या घराचा विचार ज्याने केला, त्याच्या हातूनच दुसरा भाग खऱ्या अर्थाने घडला. नव्या दिग्दर्शकाने तो विचार जपला, पहिल्या भागाचा संयम मोडला नाही, हे त्यांचे श्रेय. तरीही तबल आणि ताशे न वाजवता भीती निर्माण करण्याची कामत यांची हातोटी त्या शेवटच्या अर्ध्या तासाला लाभली असती तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नवा दिग्दर्शक स्वतःचा विचार घेऊन आला तर तोही यशस्वी होतो. १९७९ सालच्या रिडली स्कॉट यांच्या 'एलियन'मध्ये एका जहाजाच्या अंधाऱ्या बोळांत एकच प्राणी आहे. १९८६ साली जेम्स कॅमेरून यांनी त्याची नक्कल न करता स्वतः पटकथा लिहून त्याच नायिकेची कथा युद्धाकडे आणि एका अनाथ मुलीच्या रक्षणाकडे वळवली.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, त्यामुळे 'बाहुबली' आणि 'पुष्पा' आम्ही मूळ भाषेतच पाहिले, 'केजीएफ'ही दोन्ही भाग पाहिले. या सर्वांत दिग्दर्शक तोच आहे. मग यांनाही आपण सीक्वेल मानता काय?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : सोलापूरच्या पूर्व भागातील प्रेक्षकांना मराठी, हिंदी, तेलुगू आणि बहुधा कन्नडही कळते, आणि चित्रपटांची अशी तुलना करण्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

'बाहुबली'ला मी सीक्वेल म्हणणार नाही. एस. एस. राजामौली यांनी एकच कथा २०१५ आणि २०१७ अशा दोन वर्षी सांगितली. कटप्पाचा प्रश्न मुद्दाम राखून ठेवलेला होता आणि त्याचे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होते. तेथे दुसरा भाग पहिल्याच्या यशातून जन्मलेला नाही. प्रशांत नील यांच्या 'केजीएफ'चेही (२०१८ आणि २०२२) साधारण तसेच आहे.

'पुष्पा' अधिक विचार करायला लावतो. २०२१ सालच्या पहिल्या भागात सुकुमार यांनी एका मजुराचे अपमान दाखवले, आणि त्यांत बापाचे घराणे त्याला नाकारले जाते हा अपमान सर्वांत खोल होता. चित्तूरकडच्या बोलीत अल्लू अर्जुन जे बोलतात त्यात तो अपमान ऐकू येतो. श्रेयस तळपदे यांनी हिंदीसाठी दिलेला आवाज उत्तम असला तरी ती बोली हिंदीत येऊ शकत नाही, म्हणून आपल्यासारख्या प्रेक्षकांना त्या चित्रपटातले काही अधिक मिळाले आहे. २०२४ सालच्या दुसऱ्या भागात मजूर धनवान झाला आहे, त्यामुळे अपमानाची धग मंदावते. मात्र गंगम्मा जातरेचा प्रसंग पाहताना दिग्दर्शकाचा ठसा स्पष्ट दिसतो. इतक्या मोठ्या मर्दानी नायकाला साडी नेसवून, देवीच्या वेशात, आपल्या पत्नीच्या मनातील इच्छेसाठी नाचवण्याचा निर्णय कोणत्याही बाजारी हिशेबातून निघालेला नाही. त्याच चित्रपटाची लांबी तीन तास वीस मिनिटे आहे, आणि येथे मला उलट तक्रार करावीशी वाटते. पहिल्या भागाच्या प्रचंड यशानंतर दिग्दर्शकाला 'हे कापा' असे सांगणारा माणूस संकलनाच्या खोलीत उरत नाही. अधिकार नसल्याने जसे नुकसान होते, तसे तो कोणीच न तपासल्यामुळेही होते.

प्रश्न : हुतात्मा स्मृती मंदिरात आम्ही जुन्या नाटकांचे नव्या संचातील प्रयोग पाहतो. नट बदलतात, तरी नाटक टिकते. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात नट बदलला की प्रेक्षक नाराज का होतात?
— एक नाट्यरसिक, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : नव्या संचातील नाटकाची संहिता तीच असते, सीक्वेलची संहिता नवी असते आणि प्रेक्षकाला ओळखीचे असे तेथे केवळ चेहरे उरतात. म्हणून तो चेहऱ्याला चिकटून बसतो. परंतु दिग्दर्शक समर्थ असेल तर हीही अडचण राहत नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९) या तीन चित्रपटांत अपूची भूमिका चार वेगवेगळ्या नटांनी केली आहे. आपण त्या चौघांना एकच माणूस मानतो, कारण पाहणारी नजर एकच आहे. कॅमेरा सुब्रत मित्र यांचा, संगीत रविशंकर यांचे आणि संकलन दुलाल दत्त यांचे, असा संचही पडद्यामागे कायम राहिला. 'अपराजितो'त राय यांनी प्रेक्षकांना आवडणार नाही अशी गोष्ट सांगितली : मुलगा शिकायला कलकत्त्याला जातो आणि आईपासून मनाने दूर होत जातो. बंगालमध्ये तो चित्रपट पहिल्या भागासारखा चालला नाही, पण १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. मला स्वतःला तिन्हींत तोच सर्वांत जवळचा वाटतो.

प्रश्न : दिग्दर्शकाने नकार दिला तर निर्माता दुसऱ्याकडून दुसरा भाग करून घेऊ शकतो काय?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : होय. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' हा निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. करारात वेगळी तरतूद नसेल तर शीर्षक आणि पुढील भाग यांविषयीचा निर्णय बहुधा निर्मात्याकडेच राहतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी दिग्दर्शक काय मागून घेतो, याला इतके महत्त्व आहे.

प्रश्न : 'सैराट'चे चित्रीकरण आमच्या तालुक्यात झाले. गावात आजही लोक विचारतात की ते लहान मूल मोठे झाल्यावर पुढे काय होते, हे दाखवणारा 'सैराट २' का निघत नाही? नागराज मंजुळे आमच्याच जेऊरचे आहेत; त्यांनी तो करावा असे आपणास वाटत नाही काय?
— एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नामागची आपुलकी मी समजू शकतो, परंतु मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या चित्रपटाच्या शेवटातच आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा पूर्वार्ध अजय-अतुल यांच्या संगीताने अक्षरशः दुमदुमलेला आहे. शेवटी मात्र दिग्दर्शकाने सगळा आवाज काढून घेतला आणि ते मूल रक्ताळलेल्या पावलांनी चालत गेले. त्या मुलाचे पुढे काय होणार हा प्रश्न मंजुळे यांनी कथेकडून काढून आपल्याकडे, म्हणजे ज्या समाजात ते मूल वाढणार आहे त्याच्याकडे सोपवला आहे. दुसरा भाग काढून त्यांनी स्वतः उत्तर दिले, मग ते सूडाचे असो वा समेटाचे, तर प्रेक्षक त्या जबाबदारीतून मोकळा होईल. दिग्दर्शकाच्या प्रभावात पुढचा भाग न करण्याचाही समावेश होतो, आणि मागणी एवढी मोठी असताना तसे करायला निग्रह लागतो.

हा प्रभाव नसेल तर काय होते, तेही याच कथेच्या बाबतीत पाहायला मिळते. २०१८ सालच्या हिंदी 'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली आणि शेवट बदलला. २०२५ साली 'धडक २' आला, पण त्यात ना ती पात्रे आहेत, ना ती कथा, ना तो दिग्दर्शक. शाझिया इक्बाल यांचा तो चित्रपट 'परियेरुम पेरुमाल' या मारी सेल्वराज यांच्या २०१८ सालच्या तमिळ चित्रपटावर आधारलेला आहे. जातीचा प्रश्न त्यात पहिल्या 'धडक'पेक्षा अधिक थेटपणे आला आहे, हे मी आनंदाने नमूद करतो. पण पुढे गेले ते केवळ शीर्षक. बार्शीच्या वाचकांना दिलेले उत्तर येथे प्रत्यक्षात दिसते.

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठात शिकते. दोन भाग पाहताना दिग्दर्शकाचा वाटा कोणता आणि इतरांचा कोणता, हे ओळखायचे कसे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : सुरुवात अशा मालिकेपासून करावी जिच्यात फार थोडे बदलले आहे. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तिन्ही भाग (२०१०, २०१५, २०१८) सतीश राजवाडे यांचेच आहेत आणि स्वप्नील जोशी व मुक्ता बर्वे हीच जोडी त्यांत आहे. पहिल्यात दोन माणसे, एक दिवस आणि पुणे शहर एवढाच ऐवज आहे. दुसऱ्यात लग्नघर येते आणि तिसऱ्यात बाळाची चाहूल. दिग्दर्शक आणि नट कायम असल्यामुळे जो फरक जाणवेल तो विषयाचा आणि रचनेचा असेल. दोघेच पडद्यावर असलेले प्रसंग प्रत्येक भागात किती आहेत आणि ते किती वेळ टिकतात, ते घड्याळ लावून लिहून काढावे. मला पहिल्या भागातील मोकळ्या गप्पा नंतरच्या भागांत नातेवाइकांच्या गर्दीत हरवल्यासारख्या वाटतात. आपली नोंद काय सांगते ते पाहावे.

त्यानंतर 'ये रे ये रे पैसा'चे पहिले दोन भाग घ्यावेत. पहिला २०१८ साली संजय जाधव यांनी आणि दुसरा २०१९ साली हेमंत ढोमे यांनी केला. येथे दिग्दर्शकच बदलला आहे. विनोदी प्रसंगात कॅमेरा नटाच्या जवळ आहे की दूर, विनोद संवादातून येतो की हालचालीतून, आणि प्रसंग विनोदाच्या क्षणीच तुटतो की त्यानंतर थोडा रेंगाळतो, या तीन गोष्टी दोन्हींत लिहून घ्याव्यात. श्रेयनामावलीतील लेखक, संकलक आणि छायाचित्रणकार यांची नावेही टिपावीत, म्हणजे त्यांचा वाटा दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होणार नाही. ही टिपणे पूर्ण झाल्यावर या सदराकडे पाठवावीत. त्यांतील निरीक्षणांवर पुढील अंकात सविस्तर लिहिता येईल.